उणे तीन हजार सातशे पासष्ट

देब्रे बिरहानच्या पेन्शन कचेरीत
एकेचाळीस माणसं एकाच दिवशी जन्मली.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
यंत्राचा शून्य.
जे जे त्याला वाचता आलं नाही
ते ते त्याने तिथे नेऊन टाकलं,
पत्ता न लागलेली पत्रं
पोस्टमन एकाच ओट्यावर ठेवून जातो तशी.

फ्रेहिवोत जुन्या प्रोग्रामच्या ओळी वाचत खाली उतरते.
तारीख म्हणून नुसता मजकूर:
दिवस, तिरकी रेघ, महिना, तिरकी रेघ, साल.
महिना एक ते बाराच्या आत हवा.
नसेल तर शून्य.
कुणीतरी लांब कुठेतरी बसून
चहा निवायच्या आत लिहून टाकलं असेल.

आपल्या म्हणीत तेरावा महिना दुष्काळात येतो.
इथे दर साली येतो, पाच दिवसांचा,
चौथ्या साली सहा.
नाव पागुमे.
तो सरता सरता माळावर पिवळी फुलं उघडतात.
कुणाचे दिवस तेव्हाच भरले
तर तिने काय थांबायचं?

वोइझेरो अस्कालेच खुर्चीच्या कडेवर बसलीय.
घोंगड्यांच्या गिरणीत तीस वर्षं काढली,
पण यंत्राच्या हिशेबी
तिची साठी अजून व्हायचीय.

"साल?"
"लूकचं. लूक निघाला होता, योहान दारात होता."
(मत्तय, मार्क, लूक, योहान:
इथे वर्षंही पाळीपाळीने येतात.)
"कुठला लूक?"
"राजधानीत गोळीबार झाला ना,
त्या ताह्सासमध्ये मी पावलं टाकत होते म्हणे.
आणि मुलीला पाणी ऐंशी दिवस भरल्यावर.
मला दिलं ते हिदारच्या विसाला,
मरियमच्या सणाच्या आदल्या दिवशी. मोज."

मोजलं तिनेच, बोटांच्या पेरांवर, उलटं.
हिदारचे वीस. तिकिम्तचे तीस. मेस्केरेमचे तीस.
ऐंशी तिथे संपले
आणि अंगठा पागुमेच्या शेवटच्या पेरावर टेकला.
सहावं पेर. लूकच्याच वर्षात असतं ते.

फ्रेहिवोत टंकते.
मजकुराचे आकडे केले,
आकड्यांचा दिवसांच्या रांगेतला क्रमांक,
क्रमांकाची परकी तारीख:
अकरा सप्टेंबर एकोणीसशे एकोणसाठ.
छापून बघते तर दहा.

एक दिवस कुणी खाल्ला?

मग कपाळावर हात.
तारखेचा तिने मध्येच क्षण केला होता.
क्षणाला घड्याळ लागतं, घड्याळाला गाव,
आणि इथे मध्यरात्र होते तेव्हा
ग्रीनिचला आदल्या रात्रीचे नऊच असतात.
(इथली माणसं त्या मध्यरात्रीला सहा म्हणतात,
ते आणखी वेगळंच.)

ती प्रकार बदलते.
ज्याला तास नाही, गाव नाही,
भिंतीवरच्या पानासारखा नुसता दिवस.
आता अकरा येतात.
शून्यापासून मागे
उणे तीन हजार सातशे पासष्ट.

अस्कालेच पडद्यावर बोट ठेवते. "ही रेघ कसली?"
"यंत्राचं मोजणं सुरू व्हायच्या आधी
तुम्ही किती दिवस होतात, ते."
"म्हणजे मी त्याच्याहून थोरली."
"हो."
"मग उठून उभं राहायला हवं होतं त्याने."

उरले चाळीस.
कुणाला लूक आठवतो, सण आठवत नाही.
कुणाला सण आठवतो
आणि आठवण सांगणारी आई गेलेली.
एका रखवालदाराच्या कागदावर नुसतं पागुमे,
दिवसाच्या जागी शाईचा डाग,
डागात बहुतेक तीन, बहुतेक पाच.
फ्रेहिवोत कागद उजेडात धरते, उलटा धरते,
मग त्याच्या रकान्यातलं शून्य खोडते
आणि रकाना रिकामा सोडते.
प्रोग्राम कुरकुरतो: इथे काहीतरी हवं.
हवं तर आहेच, ती पुटपुटते,
आणि रिकाम्यालाही जागा असेल
अशी एक ओळ लिहून देते.

बाहेर तीन वाजलेत. फोनवर नऊ.
एकोणचाळीस.